कागदांच्या इंग्रजी यादींत निश्चिततेचें तारतम्य

जुन्या मराठी कागदांच्या याद्या इंग्रजींतही असाव्यात, ही मागणी अलीकडे वाढत आहे व ती रास्त आहे. ज्यास मोडी वाचतां येत नाहीं, असा परप्रांतींचा अथवा परदेशचा अभ्यासक त्या यादीवरच विसंबतो. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० पासून पुढें प्रसिद्ध केले, तेव्हां मराठी पत्रांस इंग्रजी सारांश जोडले, ते याच गरजेसाठीं. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानींतील कागद विदर्भांतील अनेक घराण्यांच्या संग्रहीं आहेत. वाळवी, कसर आणि भाऊबंदांच्या वांटण्या यांतून एखादा कागद नाहींसा झाला, म्हणजे यादींतील त्याची ओळ हाच काय तो पुरावा उरतो. त्या ओळींत मूळ कागदापेक्षां अधिक निश्चितता शिरली असेल, तर ती पारखून काढण्याचें साधन पुढील पिढीस राहत नाहीं. याकरितां निश्चिततेच्या निरनिराळ्या पायऱ्या इंग्रजींत कोणत्या शब्दांनीं सांगाव्या, याचा येथें थोडा विचार करूं.

हा विवेक आपल्या शास्त्रकारांस नवा नव्हता. आर्यभटानें ४९९ सालच्या आपल्या ग्रंथांत २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परिघ ६२,८३२ सांगितला आणि त्यास ‘आसन्न’ असें विशेषण लावलें. भास्कराचार्यांनीं लीलावतींत ३९२७ भागिले १२५० या प्रमाणास ‘सूक्ष्म’ म्हटलें व २२ भागिले ७ हें ‘स्थूल’, परंतु व्यवहारास पुरेसें, असें सांगितलें. आतां आर्यभटाचें आसन्न प्रमाण व भास्कराचें सूक्ष्म प्रमाण हीं दोन्ही हिशेबानें एकच, म्हणजे ३.१४१६, येतात. यावरून ‘सूक्ष्म’ म्हणजे ‘एक्झॅक्ट’ नव्हे, हें उघड आहे. जो भाषांतरकार तेथें ‘एक्झॅक्ट’ लिहील, तो आचार्यांच्या पदरीं त्यांनीं न केलेली प्रतिज्ञा बांधील. ‘क्लोज’ हा शब्द तेथें शोभतो.

इंग्रजींतील ‘प्रिसाइज’ आणि ‘ॲक्युरेट’ हे शब्द आपल्याकडे एकाच अर्थानें वापरले जातात, तेंही बरें नाहीं. विधान किती बारकाईनें केलें आहे हें पहिला शब्द सांगतो. तें वस्तुस्थितीशीं किती जुळतें हें दुसरा. शिवछत्रपतींच्या जन्मकालाचें उदाहरण सर्वांच्या परिचयाचें आहे. बखरींतून शके १५४९ च्या वैशाखांतील तिथि येतात, आणि ग्रँट डफच्या १८२६ सालच्या इतिहासांतही १६२७ हेंच साल आहे. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्धीस आणलेल्या जेधे शकावलींत मात्र शके १५५१ फाल्गुन वद्य ३, शुक्रवार, असें आहे व शिवभारताचा त्यास आधार मिळतो. बखरींतील तिथि ‘प्रिसाइज’ आहेत, पण त्या ‘ॲक्युरेट’ ठरल्या नाहींत. उलट ‘१६२७ ते १६३० च्या दरम्यान’ एवढेंच जर कोणीं लिहून ठेवलें असतें, तर तें ढोबळ खरें, पण चुकीचें झालें नसतें.

शकावलींतील ती तिथि इंग्रजी तारखेंत मांडली म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० येते. परंतु ही तारीख जुन्या, म्हणजे ज्यूलियन, पद्धतीची आहे. नव्या पद्धतीनें तोच दिवस १ मार्च होय. इंग्लंडानें नवी पद्धति १७५२ सालीं स्वीकारली, आणि तोंपर्यंत त्यांचें वर्ष २५ मार्चास पालटत असे. म्हणून तत्पूर्वींच्या इंग्रजी कागदांतील फेब्रुवारी कोणत्या सालचा, हेंही पाहावें लागतें. म्हणून १७५२ पूर्वींच्या प्रत्येक तारखेपुढें ‘ओल्ड स्टाइल’ किंवा ‘न्यू स्टाइल’ हे शब्द घालावे. ते नसतील, तर तारीख दिसावयास नेमकी, पण अर्थानें दहा-अकरा दिवस सैल राहते.

तारखांच्या बाबतींत आम्ही पांच पायऱ्या सुचवितों. कागदावर शक, तिथि व वार हीं तिन्ही असून तीं परस्परांशीं जुळत असतील, तर तारीख विशेषणावांचून लिहावी. वार नसेल व तिथीची वृद्धि अथवा क्षय असेल, किंवा नुसता मुसलमानी महिन्याचा ‘छ’ असेल, तर एका दिवसाचा संशय राहतो, कारण तो दिवस सायंकाळीं सुरू होतो. अशा जागीं ‘ऑन ऑर अबाउट’ हा शब्दप्रयोग योग्य होय. तिसरी पायरी अशी कीं, महिना व दिवस कागदावर आहेत, पण साल मजकुरावरून काढलें आहे. तेथें साल चौकोनी कंसांत घालावें व शंका असल्यास प्रश्नचिन्ह द्यावें, म्हणजे कागदाचें कोणतें व संपादकाचें कोणतें हें वाचकास कळेल.

चौथी पायरी नुसत्या सालाची. ‘इसन्ने सितैन मया व अलफ’ एवढेंच असेल, तर शुहूर सन ११६२ होय. हा सन मृगापासून मोजतात, म्हणून तो १७६१ च्या जूनच्या आरंभापासून पुढील जूनपर्यंत चालतो. यादींत ‘१७६१’ लिहिणें हें अर्धें वर्ष गमावणें आहे. ‘१७६१–६२’ असेंच लिहावें. फसली सनाच्या बाबतींत तर अधिक जपलें पाहिजे, कारण उत्तरेकडील व दक्षिणेकडील फसलींत सुमारें सव्वादोन वर्षांचें अंतर आहे.

पांचवी पायरी बिनतारखी कागदांची. येथें ‘सर्का’ हा लॅटिन शब्द सर्रास टाकला जातो. तो सालासाठीं आहे, दिवसासाठीं नव्हे. शिवाय त्याची मर्यादा किती, दोन वर्षांची कीं वीस वर्षांची, हें तो सांगत नाहीं. शक्य तेथें दोन्ही बाजूंच्या हद्दी द्याव्या. दुसऱ्या रघूजी भोसल्यांचें निधन २२ मार्च १८१६ रोजीं झालें; त्यांचें स्वतःचें पत्र असेल, तर ‘नॉट लेटर दॅन मार्च १८१६’ असें निःशंक लिहितां येईल. सीताबर्डीची लढाई होऊन गेल्याचा उल्लेख असेल, तर ‘आफ्टर २७ नोव्हेंबर १८१७’ असें लिहावें. हद्द एकाच बाजूची असली, तरी ती पुराव्यानें बांधलेली असते. ‘सर्का’ला तसा आधार असतोच असें नाहीं.

ताम्रपटांस तर हा नियम विशेष लागू आहे. प्रभावतीगुप्तेचा पुणें येथें सांपडलेला ताम्रपट नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनाहून, दिलेला आहे. त्यावर संवत्सर १३, कार्तिक शुद्ध १२ असें स्पष्ट आहे. हा काल ‘प्रिसाइज’ आहे. परंतु तें राज्यवर्ष असल्यामुळें इसवी सनांत त्याची नेमकी तारीख बसवितां येत नाहीं. वाकाटक कालगणनेविषयीं महामहोपाध्याय मिराशी व अमेरिकन विद्वान वॉल्टर स्पिंक यांच्यांत वीसेक वर्षांपर्यंतचा मतभेद राहिला, तो याच कारणानें. यादींत राज्यवर्ष जसेंच्या तसें द्यावें आणि इसवी सनाचें शतक निराळें लिहावें.

आतां संख्यांविषयीं. आपल्या भाषेंत ‘पांचसातशें स्वार’, ‘शंभरेक माणूस’, ‘सुमारें हजार’, ‘हजारास कमी नाहीं’ असे प्रयोग आहेत व प्रत्येकाची छटा वेगळी आहे. इंग्रजींतही तसेंच आहे. ‘अबाउट’ दोन्ही बाजूंस झुकतो. ‘नियरली’ व ‘ऑलमोस्ट’ हे खालच्याच बाजूस राहतात. ‘अपवर्ड्स ऑफ’ म्हणजे त्याहून अधिक, अंदाजें नव्हे. ‘पांचसातशें’ला ‘सम फाइव्ह टु सेव्हन हंड्रेड’ म्हणावें. सरासरी काढून ‘सहाशें’ लिहिणें हा अपराध समजावा. शिवाय कागदाची जात पाहिली पाहिजे. ताळेबंदांतील ‘तीनशें’ आण्यापैंसह मोजलेले असतात. पत्रांतील ‘तीनशें’ बहुधा गोळाबेरीज असते. बखरींतील ‘लाख फौज’ तर मोजदाद नव्हेच. तेथें ‘पुट ॲट अ लाख’ असें लिहिलें, म्हणजे आंकडा कागदाचा राहतो, यादीकाराचा होत नाहीं.

नकलांचेंही तसेंच आहे. ‘ट्रू कॉपी’ म्हणजे असलेशीं ताडून कोणीं साक्ष घातलेली नक्कल; तशी साक्ष नसेल तर नुसतें ‘कॉपी’ म्हणावें. जी सनद संशयास्पद आहे, तिच्याविषयीं ‘परपोर्ट्स टु बी’ हा इंग्रजी प्रयोग फार उपयोगी पडतो: कागद स्वतःस काय म्हणवितो तेवढें त्यानें सांगितलें जातें, आणि खोटेपणाचा आरोपही येत नाहीं. अनुमानासाठीं ‘सर्टनली’, ‘प्रॉबेबली’ व ‘पॉसिब्ली’ हे तीन शब्द पुरेत. पहिला पुरावा असेल तेथें, दुसरा पुराव्याचें पारडें एका बाजूस झुकत असेल तेथें, आणि तिसरा केवळ बाध नसेल तेथें योजावा. ‘क्वाइट’ व ‘फेअरली’ हे टाळावे, कारण ‘क्वाइट ॲक्युरेट’ हें एका वाचकास पूर्ण प्रशंसा वाटतें, तर दुसऱ्यास ‘बऱ्यापैकीं’ एवढेंच.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, आपल्या दप्तराची यादी करतांना हे शब्द एकदां ठरवून घ्यावे, त्यांचे अर्थ यादीच्या आरंभीं द्यावे, व शेवटपर्यंत ते पालटूं नयेत. ‘ठाऊक नाहीं’ असें लिहिल्यानें यादीस कमीपणा येत नाहीं. कागद जेथें ढोबळ बोलतो तेथें आपणही ढोबळच बोलावें, व तो जेथें नेमकें बोलतो तेथें त्यांतील एक दिवस किंवा एक आणाही सोडूं नये. असें केल्यास मूळ कागद उद्यां राहो वा न राहो, त्याची साक्ष बिघडणार नाहीं.