घरगुती सबवूफरमधील अनिष्ट ध्वनी : निदान, उपाय आणि अर्थिंगचा प्रश्न

बीजसंज्ञा : सबवूफर, हम, रिपल, अर्थ लूप, लो-पास फिल्टर, खोक्याचा अनुनाद

प्रस्तावना

पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली हे नाव इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेइतकेच परिचित असते. ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, एलए ४४४० किंवा टीडीए २०३० या आयसींवर आधारलेला तयार बोर्ड आणि लो-पास फिल्टरची पट्टी एवढे साहित्य तेथून आणावे, टिंबर मार्केटमधून प्लायवूड कापून घ्यावे आणि सबवूफर जुळवावा, ही प्रकल्पकार्याची एक रूढ वाट आहे. गणेशोत्सवापूर्वी मंडळांतील हौशी कार्यकर्तेही याच वाटेने जातात. जुळणीला फार वेळ लागत नाही. खरी अडचण नंतर सुरू होते. गाणे लावण्यापूर्वीच खोक्यातून ‘घूं’ असा अखंड आवाज येऊ लागतो.

या आवाजावर एक उपाय सर्रास सांगितला जातो. तीन पिनांच्या प्लगमधील जाड पिन काढून टाकावी, म्हणजे आवाज जातो. अनेकदा तो खरोखरच जातो, आणि म्हणूनच हा उपाय घातक आहे. तो निष्फळ ठरला असता तर कोणी अनुसरला नसता. प्रस्तुत लेखात सबवूफरमधील अनिष्ट ध्वनीचे निदान कसे करावे, याचा विचार केला असून अर्थिंगला हात न लावता हा दोष दूर करता येतो, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

सबवूफर हम निर्माण करीत नाही, उघडा पाडतो

भारतातील वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. या वारंवारतेचे व तिच्या पटींचे सूक्ष्म विद्युतदाब कोणत्याही साध्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये थोडेफार शिरतातच. चार इंची स्पीकर ५० हर्ट्झचा स्वर जेमतेम उमटवतो, त्यामुळे दोष झाकलेला राहतो. त्याच अ‍ॅम्प्लिफायरला दहा इंची सबवूफर जोडला की तो प्रकट होतो. ‘जुन्या स्पीकरवर आवाज येत नव्हता, म्हणजे नवा स्पीकर खराब’ हा विद्यार्थ्यांचा आवडता निष्कर्ष या कारणाने टिकत नाही.

लो-पास फिल्टरकडूनही येथे फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. १५ किलोओहमचा रोध आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतल्यास छेद-वारंवारता सुमारे १०६ हर्ट्झ येते. म्हणजे ५० आणि १०० हर्ट्झ हे दोन्ही स्वर फिल्टरच्या उघड्या दारातूनच आत येतात. नेमके ५० हर्ट्झ गाळणारा नॉच फिल्टर बसविण्याची सूचना काही जण करतात. तो हम गाळील, परंतु त्याबरोबर ज्या खर्जासाठी सबवूफर बांधला, त्या खर्जाचाही एक लचका तोडील. रोगाबरोबर रोग्याचाही अवयव जावा, तसाच हा प्रकार होय.

निदानाची पहिली पायरी : ५० की १०० ?

आवाज कोठून येतो हे पुष्कळ अंशी आवाजच सांगतो. प्रयोगशाळेतील ऑडिओ ऑसिलेटरवर ५० व १०० हर्ट्झचे स्वर वाजवून खोक्यातील आवाजाशी ताडून पाहावेत. यात कानाच्या मर्यादेचे भान हवे. आयएसओ २२६ या मानकाच्या २००३ च्या आवृत्तीनुसार ५० हर्ट्झचा शुद्ध स्वर ऐकू येण्यास सुमारे ४४ डेसिबल पातळी लागते, तर १०० हर्ट्झच्या स्वरास सुमारे २६.५ डेसिबल पुरते. त्यामुळे मिश्र आवाजात १०० हर्ट्झचा घटक कानाला मोठा भासतो. शक्य असेल तेथे ऑसिलोस्कोप वापरावा. करवतीच्या दातांसारखा १०० हर्ट्झचा आकार दिसल्यास दोष पॉवर सप्लायमध्ये शोधावा. गुळगुळीत ५० हर्ट्झचा तरंग दिसल्यास बाहेरून शिरणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा किंवा अर्थ लूपचा संशय घ्यावा. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. रेक्टिफायरमधील एक डायोड तुटला असेल किंवा त्याचा सांधा कच्चा असेल, तर अर्धतरंगी पुरवठा होऊन रिपलही ५० हर्ट्झचाच येतो.

रिपल किती असेल याचा अंदाज साध्या गणिताने बांधता येतो. भारप्रवाह १ अँपिअर, कपॅसिटर ४७०० मायक्रोफॅरड आणि पूर्णतरंगी रेक्टिफायर असेल, तर रिपल सुमारे २.१ व्होल्ट येतो. त्याच जागी २२०० मायक्रोफॅरड बसविला असल्यास तो ४.५ व्होल्टपर्यंत जातो. बारा व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर सुमारे सोळा व्होल्टचाच पुरवठा मिळत असता हा वाटा लहान नव्हे. तथापि कपॅसिटर वाढवून वाढवून हम जात नाही, असाही अनुभव येतो. त्याचे कारण बहुधा तारांच्या मांडणीत असते.

कपॅसिटर सतत भारित होत नाही; तरंगाच्या माथ्यावर, अल्पकाळ, मोठ्या झटक्यांनी होतो. हा झटका ५ अँपिअरचा धरला आणि तो १ चौरस मिलिमीटर छेदाच्या ३० सेंटिमीटर तारेतून गेला, तर त्या तारेच्या दोन टोकांत सुमारे २५ मिलिव्होल्टचा फरक पडतो. आदान संकेताची ‘शून्य’ तार याच तारेच्या मध्ये कोठे तरी डकविली असेल, तर हा फरक संकेतात मिसळतो. तीसपट वर्धनानंतर तो पाऊण व्होल्टच्या घरात जातो आणि खोलीभर ऐकू येतो. उपाय एका पैशाचाही नाही. ट्रान्सफॉर्मरची मधली तार आणि कपॅसिटरचे टोक आधी एकमेकांस जोडावे, तेथून एक तार काढून तारकेंद्र करावे, आणि स्पीकर, बोर्ड व आदान यांच्या शून्य तारा त्या केंद्रावर स्वतंत्रपणे आणाव्यात. याखेरीज ट्रान्सफॉर्मर आदान-तारेपासून दूर ठेवावा व तो फिरवून पाहावा. ज्या दिशेला हम किमान होतो, त्या दिशेला स्क्रू आवळावेत.

अर्थ लूप आणि कापलेली पिन

आता मूळ वादाकडे वळता येईल. संगणक तीन पिनांच्या प्लगने भिंतीतील अर्थशी जोडलेला असतो, अ‍ॅम्प्लिफायरही तसाच. दोहोंमध्ये ऑडिओ केबल लावली की तिचे जाळीदार आवरण दोन्ही चासींना पुन्हा एकदा जोडते. अशा रीतीने भिंतीतील तार आणि केबलचे आवरण मिळून एक बंद वेटोळे तयार होते. घरातील चुंबकीय क्षेत्रामुळे, तसेच दोन सॉकेटांच्या अर्थमधील किंचित विभवांतरामुळे, त्यात ५० हर्ट्झचा प्रवाह वाहतो. पिन काढली की वेटोळे तुटते आणि हम थांबतो.

पिन काढल्याने आणखी काय तुटते, ते मात्र ऐकू येत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेटोळ्याचे आवरण उष्णतेने निकामी होऊन २३० व्होल्ट लोखंडी चासीला भिडल्यास, अर्थच्या तारेतून मोठा प्रवाह वाहून फ्यूज वितळतो किंवा एमसीबी पडतो. ती तारच नसेल तर चासी जिवंत राहते. प्रवाहाला मार्ग मिळतो तो केबलच्या बारीक आवरणातून संगणकाकडे, नाही तर चासीला हात लावणाऱ्याच्या देहातून. जाड पिन इतर दोन पिनांहून लांब ठेवलेली असते, ती सॉकेटमध्ये सर्वांआधी जोडली जावी आणि सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. भाद्रपदातील ओल्या मांडवात, पत्र्यावर व चिखलात उभ्या असलेल्या कार्यकर्त्याच्या बाबतीत हा धोका कितीतरी वाढतो. पेठांमधील जुन्या वाड्यांत मुळात दोनच तारांची जोडणी असू शकते. तेथे हम नाही म्हणून जोडणी निर्दोष, असे समजणे तर उलटेच ठरेल.

लूप आहे की नाही, हे पाहण्याची चाचणी सोपी आहे. संगणक काढून चार्जरला न लावलेला मोबाईल जोडावा. हम नाहीसा झाला तर लूप सिद्ध झाला. न झाल्यास आदान-सॉकेटची मधली पिन आवरणाशी जोडून पाहावी. तरीही हम राहिला तर दोष खोक्याच्या आतच आहे. हात लावताच आवाज बदलत असेल, तर केबलचे आवरण जॅकपाशी तुटलेले असण्याची शक्यता अधिक.

लूपवरचा पहिला उपाय म्हणजे दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवरून चालविणे. तेवढ्याने न भागल्यास अ‍ॅम्प्लिफायरच्या आत संकेताचे शून्य आणि चासी यांच्यामध्ये १० ओहमचा रोध घालावा, आणि त्याला समांतर, दोषप्रवाह पेलू शकतील असे परस्परविरुद्ध दिशेचे डायोड जोडावेत. चासी मात्र अर्थला थेटच जोडलेली राहिली पाहिजे. ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हा तिसरा मार्ग. पण स्वस्त ट्रान्सफॉर्मरचा गाभा अल्प वारंवारतेला लवकर संपृक्त होतो आणि खर्ज विद्रूप करतो, म्हणून तो निवडून घ्यावा लागतो.

मोबाईलचा उल्लेख आलाच आहे, तर एक टीप. २जी फोन जवळ असता ‘टर्र टर्र’ असा आवाज येतो, तो सुमारे २१७ हर्ट्झच्या स्पंदांचा असतो. १०६ हर्ट्झच्या फिल्टरनंतरही तो ठळक ऐकू येत असेल, तर संसर्ग फिल्टरच्या पुढच्या टप्प्यात होत आहे, हे उघड आहे.

खोके, नळी आणि खोली

काही आवाज विजेचे नसतातच. ते गाणे सुरू असतानाच येतात. ऑसिलेटर २० पासून १२० हर्ट्झपर्यंत हळूहळू फिरवीत नेल्यास कोणत्या वारंवारतेला कोणती फळी किंवा सैल स्क्रू बोलतो, हे लगेच कळते. सांध्यातील गळती शोधण्यास उदबत्ती पुरते. खर्ज वाजत असताना गळतीपाशी धूर थरथरतो. शंकू बोटांनी अलगद आत दाबताना खरखर जाणवल्यास व्हॉइस कॉइल घासत आहे. तेथे दुरुस्तीपेक्षा स्पीकर बदलणे बरे.

नळीतून येणारा फुसफुसाट हा हवेच्या वेगाचा परिणाम होय. ४० लिटरच्या खोक्यात ७.५ सेंटिमीटर व्यासाची, १५ सेंटिमीटर लांबीची नळी सुमारे ४० हर्ट्झला जुळते. व्यास १० सेंटिमीटर केल्यास वेग जवळपास निम्म्यावर येतो, परंतु तीच जुळणी राखण्यासाठी लांबी सुमारे २९ सेंटिमीटर करावी लागते. केवळ रुंद नळी बसवून लांबी तीच ठेवली, तर फुसफुस जाते खरी, पण खर्जही वर सरकतो.

उरते ती खोली. खिडकीची तावदाने, पोलादी कपाटाची दारे, मांडणीवरील पातेली यांचा खडखडाट खोक्याच्या माथी मारला जातो. याहून फसवी गोष्ट म्हणजे अनुनाद. अकरा फूट, म्हणजे सुमारे ३.३५ मीटर लांबीच्या खोलीचा पहिला अनुनाद ५१ हर्ट्झच्या आसपास येतो, आणि पुण्यातील सदनिकांत या मापाच्या खोल्या सहज आढळतात. अशा खोलीत हम भिंतीलगत सर्वाधिक, तर त्या लांबीच्या मध्याशी किमान ऐकू येतो. भिंतीला पाठ लावून बसलेला परीक्षक आणि मधोमध उभा असलेला विद्यार्थी यांचे एकाच खोक्याविषयी मतभेद होतात ते याचमुळे. दुरुस्तीआधीची आणि नंतरची तपासणी एकाच जागी बसून करावी लागते.