वाकळेच्या पोटात

गोधडी शिवायला बसण्याआधी कापड फाडावं लागतं. काठाजवळ कात्रीने छोटी चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी धरून टर्रकन ओढायचं. सुती कापड विणीच्या धाग्याला धरून सरळ फाटतं. कात्री मात्र लांब पल्ल्यात वाकडी जाते. शिवाय फाडताना कापडाचा जीव कळतो. करकरीत आवाज आला की त्यात अजून दम आहे, ते वरच्या थराला घ्यायचं. आवाज न करताच विरत गेलं, तर ते पोटात. गडहिंग्लज तालुक्यातल्या एका घरात एप्रिलच्या दुपारी ही परीक्षा चालू आहे. जेवणं उरकलीत, अंगणात बाजेवर कुरडया वाळताहेत, सोप्यात बोचकं सुटलंय. एका बाजूला साठी ओलांडलेली आई, दुसऱ्या बाजूला सून. या भागात गोधडीला वाकळ म्हणतात, आणि दर उन्हाळ्यात या घरात निदान एक तरी वाकळ होते.

बोचक्यात वर्षभर साठलेलं सगळं आहे. आईचं गुडघ्यावर विरलेलं लुगडं, सुनेच्या वॉयलच्या साड्या, सासऱ्यांचं धोतर, थोरल्याचे कामावरचे शर्ट, नातवाचा आखूड झालेला गणवेश, उशांचे अभ्रे. सगळं धुऊन, कडक उन्हात वाळवून ठेवलेलं. आता मोडणी सुरू होते. बटणं खुडून बिस्किटाच्या डब्यात जातात. साडीचा फॉल उसवला जातो. कॉलर, कफ, खिसे, पँटीचे शिवणीचे जोड, म्हणजे जिथे जिथे कापड दुहेरी-तिहेरी आहे ते सगळं कापून बाजूला. जरीचा काठ अंगाला रुततो, म्हणून तोही निघतो. इरकलीचा पदर तर आई आधीच वेगळा काढते. तो मागावरच अंगाच्या ताण्याला कोंडी घालून जोडलेला असतो, आणि त्यातलं रेशीम सुती थराबरोबर नांदत नाही. ती डोळे मिटूनही त्या जोडावर बरोबर बोट ठेवील.

सून एक फुलाफुलांची साडी पुढे करते. “आत्ती, ही घेऊ वरच्या बाजूला? रंग झकास हाय.”

“रंग हाय, पर पाणी पीत न्हाई ती. घाम कुठं जायाचा? ठेव तिकडं, पडद्याला हुईल.”

या एका वाक्यात वस्त्रशास्त्राचा एक धडा आहे. सर्वसाधारण हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून सुती वाकळ थंडीत ऊब देते आणि तरीही अंग चिकचिकत नाही. ऊब येते ती थरांमध्ये अडकून राहिलेल्या हवेमुळे. कापड जितकं जुनं तितकं मऊ, कारण त्यातली खळ कधीच धुऊन गेलेली असते आणि धाग्यांचा पीळ सैलावलेला असतो. आईला टक्केवारी ठाऊक नाही. घोट्याजवळ गुंडाळून घेतलेलं कापड रात्रभरात कसं वागतं, ते मात्र ठाऊक आहे.

मग मांडणी. नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटर लांब असतं. त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा दोन मीटरच्या थोडा वर भरतो. दोन तुकडे रुंदीला जोडून तळ, दोन जोडून माथा. म्हणजे एका लुगड्यात दोन माणसांच्या वाकळेची खालची-वरची बाजू निघते, आणि कापड वाया जात नाही. तळ फरशीवर अंथरून चारी कोपऱ्यांवर वजन ठेवलं जातं : वरवंटा, दोन पाट आणि नातवाचं दप्तर. त्यावर पोटातले थर येतात. इथे घाई चालत नाही. दोन तुकडे एकमेकांवर चढले तर तिथे वळकटी होते आणि ती झोपणाऱ्याच्या पाठीला टोचते. दोहोंत फट राहिली तर तिथून गारवा शिरतो. आई तुकडे हातात घेऊन फिरवते, उलटते, जागा बदलते. शर्टाची पाठ मोठी आणि सपाट, ती मध्यावर. बाह्या निमुळत्या, त्या कडेला. जिथे खांदे आणि ढोपरं टेकतात तिथे एक थर जास्त. पायथ्याशी कमी, कारण पाय सारखे हलतात आणि ते कापड लवकर जातं. कागदावर एक रेघ न ओढता हा आराखडा उभा राहतो.

वरच्या थरावर ठिगळांची नक्षी येते, तेव्हा तिचा वेळ सगळ्यात जास्त जातो. गणवेशाचे खाकी चौकोन आधी एका रांगेत लागतात, मग उचलले जातात. त्यांच्यामध्ये खणाचे लाल-काळे तुकडे सरकतात. एका कोपऱ्यात पिवळं फुलाफुलांचं कापड आहे. ते थोरल्या लेकीच्या झग्याचं. लेक आता पुण्याला असते. बारशाला आलेलं ते कापड तीन वर्षं झगा म्हणून, मग पिशवी म्हणून वापरलं गेलं, आणि आता तळहाताएवढं उरलंय. आई ते मध्यावर ठेवत नाही. “मधी ठेवलं की पांघरताना सारखं हातात येतं, झिजतं लवकर. कोपऱ्यात ऱ्हाईल.”

या घरात आठवणी जपायच्या म्हणजे असा झिजेचा हिशोब करायचा. कपडा चांगला असतो तोवर तो वाकळेत येत नाही. लग्नातला शालू ट्रंकेतच राहतो. इथे येतं ते रोजच्या वापरात संपलेलं कापड, ज्यात माणसाने सगळ्यात जास्त दिवस काढलेले असतात. शिवाय ही वाकळ फाटली तर टाकून दिली जात नाही. वरून नवं लुगडं चढवून तीच नव्या वाकळेचं पोट होते. सोप्यातल्या फळीवरच्या जाड वाकळेत अशी एकावर एक तीन आयुष्यं आहेत. तिच्या अगदी आत आईच्या सासूबाईंचं हातमागाचं लुगडं आहे. त्याच्यावर मुंबईच्या गिरणीतलं पातळ आहे. सगळ्यात वर आहे ते यंत्रमागाचं कापड. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये बसला, आणि मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप १९८२ च्या जानेवारीत सुरू झाला. त्या संपानंतर कितीतरी गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजलेच नाहीत. त्याच सुमाराला धुतल्यावर लगेच वाळणाऱ्या, इस्त्री न मागणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या साड्या गावोगावच्या बाजारात आल्या. महाराष्ट्रातल्या कापडधंद्याचा हा सगळा प्रवास त्या एका वाकळेत थरांनी बसलेला आहे, आणि ती कडेला जरा उसवली की दिसतोही.

टाक्यांचं काम सगळ्यात लांबतं. आधी मध्यापासून कडेकडे लांब कच्चे टाके घालून थर जागच्या जागी धरून ठेवायचे, म्हणजे चुण्या बाहेर ढकलल्या जातात. मग पक्का धावदोरा कडेपासून सुरू होतो आणि चौकोनात चौकोन करत आत आत जातो. दोघी समोरासमोरच्या कोपऱ्यांत बसतात. दोरा दोनपदरी आणि हातभरच घ्यायचा. लांब घेतला की गाठी पडतात. वरचा हात सुई टोचतो, खालचा हात थरांतून आलेलं टोक चाचपून परत वर पाठवतो. खालच्या बोटाच्या पेराला त्यामुळे कायमचे खवले आहेत. अंगुस्तान डब्यात आहे, पण ते घातलं की टोक कळत नाही, अशी आईची तक्रार. आता तिला सुईचं नेढं नीट दिसत नाही. म्हणून शाळेला सुट्टी असलेला नातू सकाळीच दहा-बारा सुया ओवून उशीला टोचून ठेवतो आणि त्याबद्दल कुल्फीचे पैसे वसूल करतो.

हिशोब मांडला तर काम किती आहे ते लक्षात येतं. दोन मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद वाकळेवर बोटभर, म्हणजे दोन सेंटीमीटर अंतराने ओळी घातल्या, तर शिवण सव्वादोनशे मीटर भरते. सेंटीमीटरला एक टाका धरला तर साडेबावीस हजार टाके. दोनपदरी दोरा साडेचारशे मीटरच्या वर लागतो.

हा वेळ येतो कुठून? देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा दिवसातला सरासरी २९९ मिनिटांचा वेळ त्यात जात होता, पुरुषांचा ९७ मिनिटं. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले. स्वयंपाक, पाणी, धुणंभांडी, आजारपण हे सगळं उरकून जी दुपार उरते, तिच्यात वाकळ होते. गुरांना पाणी दाखवायची वेळ झाली की सुई जिथल्या तिथे टोचून उठायचं. त्यामुळे टाक्यांत दिवस ओळखू येतात. निवांत दुपारची ओळ बारीक आणि एकसारखी, पाहुणे यायच्या दिवशीची जरा लांब उड्या मारणारी. सुनेचे टाके किंचित तिरके पडतात. वाकळ पुरी झाल्यावर सीमारेषेसारखं दिसतं, कुठवर कोण शिवत आलं ते.

अशी जुनी कापडं थरांनी शिवायची रीत या एकाच मुलखाची नाही. पलीकडे कर्नाटकात कौदी आहे, बंगालात कांथा, बिहारात सुजनी, सिंध-कच्छमध्ये रल्ली. उत्तर कन्नडातल्या सिद्दी समाजाच्या बायकांची कवंदीसुद्धा कडेपासून सुरू होऊन मध्याकडे सरकते. तिच्या चार कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या छोट्या त्रिकोणी चिंध्या असतात, त्यांना फुला म्हणतात. फुला नसलेली कवंदी त्यांच्या लेखी उघडीवाघडी. धोरण सगळीकडे तेच : जे झिजलंय त्याचे थर केले की ते पुन्हा उभं राहतं. निराळी आहे ती हाताची वळणं.

बाळासाठीच्या दुपट्याला मात्र वेगळा नियम. तिथे नवं कापड चालत नाही आणि रंगीबेरंगी ठिगळंही नाहीत. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईचं सगळ्यात मऊ लुगडं, दोनच थर, टाके सैल आणि गाठी बाहेरच्या बाजूला. पुण्याच्या लेकीचं बाळंतपण झालं, तेव्हा दवाखान्यात आणलेली विकतची लोकरी शाल बाजूला पडली आणि दुपटं वापरात आलं. ते दिवसातून चारदा धुतलं तरी तासाभरात वाळत होतं.

पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत आता गोधड्या विकायला असतात. नव्या कापडाच्या, मापात बसवलेल्या, टाके मुद्दाम ठळक दाखवणाऱ्या. आईच्या साड्या पाठवून त्यांची गोधडी करून घेणारी माणसंही आहेत, परदेशातलीसुद्धा. गावात यंत्रावर शिवून देणारे आहेत. त्यांचं काम दिवसाभरात होतं, पण यंत्राची टीप थरांना घट्ट आवळते आणि पांघरूण ताठर होतं. सुनेने एकदा एक तशी करून आणली होती. ती आता पाहुण्यांना खाली अंथरायला आहे.

खरी अडचण धुण्याची आहे. घटस्थापनेआधी घरातली सगळी पांघरुणं बैलगाडीत घालून हिरण्यकेशीवर न्यायची, दगडावर आपटायची, दोघींनी दोन टोकं धरून पिळायची आणि काठावरच वाळवायची, ही या घराची जुनी रीत. सात-आठ थरांची ओली वाकळ एकटीला उचलत नाही. पुण्याच्या फ्लॅटमध्ये ना नदी, ना दुसरं टोक धरायला कुणी. तिथलं धुण्याचं यंत्र तर तिच्या वजनाने गडगडत जागेवरून सरकतं. लेकीने फोनवर हे सांगितलं, तेव्हा आईने यंत्रात किती किलो मावतं ते विचारून घेतलं.

म्हणून यंदा लेकीसाठी केलेली वाकळ तीनच थरांची आहे. लांबी तीच, रुंदी निम्मी, म्हणजे एका माणसापुरती. पोटात फक्त धोतर. कमी थरांत कापड सरकू नये म्हणून ओळी मात्र जवळजवळ घातल्यात, बोटाऐवजी अर्ध्या बोटाने. काम हलकं झालं का, असं सुनेने विचारलं.

“वजन हलकं झालं,” आई म्हणाली. “टाकं तेवढंच की गं.”