जरा हळू, चंद्र आलाय!

शुक्रवारची संध्याकाळ. वागळे इस्टेटमधलं अख्खं पब्लिक शेअर रिक्षाच्या लायनीत, डोक्यात विकेंड. आणि मी? मी उलट्या दिशेने एका जुन्या गाळ्याच्या चकाचक ऑफिसात शिरत होते. चंद्रावर उतरायला!

जिथे कधीकाळी लेथ मशीन फिरायची, तिथे आता एसीत कीबोर्ड वाजतात. त्यातलाच एक माझ्या कॉलेजमधल्या मित्राचा. दिवसभर तो एका क्लायंटसाठी डॅशबोर्ड बनवतो आणि सातनंतर सुरू होतं ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’. २०१५ साली पूर्ण रूपात आलेला हा गेम दिसायला कार्टून आहे. हिरवी, बटाट्याएवढ्या डोळ्यांची माणसं वगैरे. पण फिजिक्स? बऱ्यापैकी अस्सल.

‘‘बस, उतरव,’’ म्हणत त्याने कंट्रोल माझ्या हातात दिले. स्क्रीनवर वेगाचा आकडा होता ५. सेकंदाला पाच मीटर, म्हणजे ताशी अठरा किलोमीटर. तीन हात नाक्याच्या ट्रॅफिकचा स्पीड हो! मी निर्धास्त. यानाचे पाय टेकले आणि पुढच्या क्षणी ते कोलांटी खाऊन आडवं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर स्फोटच!

‘‘अगं, तो पाच कुठल्या दिशेचा ते बघितलंस का?’’

नव्हतं बघितलं. कारण तो आकडा दिशा सांगतच नाही. आठवा शाळेतला पायथागोरस. खाली येण्याचा वेग ३, बाजूला सरकण्याचा ४, की एकूण ५. सरळ खाली ५ने आलात तर पाय झेलतात. पण त्यातले ४ आडवे असतील, तर धावत्या बसमधून उतरणाऱ्या माणसाचं जे होतं तेच यानाचं होतं. गेममध्ये उभ्या वेगाचा काटा वर, उंचीच्या आकड्याशेजारी आहे. आडव्याचा आकडा मुळात नाहीच! वेगाच्या आकड्यावर क्लिक केलं की तो ऑर्बिट, सरफेस, टार्गेट असा बदलतो, हीसुद्धा एक गोम. ऑर्बिट मोडवर राहिलात तर जमिनीवर गप उभं असलेलं यानही वेग दाखवतं, कारण तो चंद्र स्वतःभोवती फिरत असतो.

गंमत म्हणजे अटारीने १९७९च्या ‘लुनार लँडर’मध्ये आडवा आणि उभा वेग वेगवेगळे दाखवले होते. खऱ्या चांद्रयानात तर दोन काट्यांचं यंत्र होतं, एक पुढे-मागे सरकण्याचा वेग दाखवायचा आणि दुसरा डावी-उजवीकडचा. शिवाय २० जुलै १९६९ला आर्मस्ट्राँग खिडकीबाहेर बघत होता आणि शेजारी उभा ऑल्ड्रिन उंची आणि वेग मोठ्याने वाचून दाखवत होता. मला हा डिस्प्ले सगळ्यात आवडला. माणसाचा आवाज!

मित्राने तेच केलंय. ‘केआरपीसी’ नावाच्या अ‍ॅड-ऑनमधून पायथॉनने तो गेममधला डेटा बाहेर काढतो आणि दुसऱ्या मॉनिटरवर स्वतःचा डिस्प्ले उघडतो. मधोमध दोन काट्यांचं फुली-मीटर, बाजूला उभ्या वेगाची पट्टी. पट्टीवर एक पिवळी रेघ, ‘या उंचीला एवढाच वेग चालेल’ सांगणारी. इंजिन सेकंदागणिक २ मीटरने वेग तोडू शकत असेल, तर १०० मीटर उंचीवर २०चा वेग चालतो, पण २५ मीटरवर फक्त १०. उंची पाव, वेग निम्मा.

हे खूळ कधी लागलं? ७ सप्टेंबर २०१९च्या मध्यरात्री. विक्रम लँडरचा तो हिरवा ठिपका ठरलेल्या रेषेवरून सरकताना आपण सगळ्यांनीच पाहिला होता. तीस किलोमीटरवरून ७.४ किलोमीटरपर्यंत वेग १६८३वरून १४६ मीटरवर आला, अगदी ठरल्याप्रमाणे. पुढच्या टप्प्यात तो ठरवल्यापेक्षा जास्तच कमी झाला आणि विक्रम नियोजित जागेपासून ५०० मीटरच्या आत आदळला. म्हणजे नुसतं ‘हळू’ असून भागत नाही. चांद्रयान-३ला मग लेझरने तिन्ही दिशांचा वेग मोजणारं उपकरण दिलं आणि पायांची ताकद सेकंदाला २ मीटरऐवजी ३ मीटर झेलण्याइतकी वाढवली. २३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटं. त्या वेळी याच ऑफिसात मीटिंग सोडून सगळे एका स्क्रीनपुढे जमले होते म्हणे.

‘‘क्लायंटला एकच मोठा आकडा हवा असतो,’’ मित्र कुरकुरला. ‘‘त्याला समजावताना मला माझा पहिला क्रॅश आठवतो.’’

माझी चौथी खेप. या वेळी त्याच्या मॉनिटरवर नजर. फुली मधोमध आणली, पट्टी पिवळ्या रेघेखाली. ‘‘उभा एक पॉइंट दोन, आडवा पॉइंट तीन,’’ तो ऑल्ड्रिनसारखा वाचत होता. धूळ उडाली, पाय टेकले, यान जरासं डुललं आणि उभं राहिलं! मी इतक्या जोरात ओरडले की सिक्युरिटीवाले काका डोकावून गेले.

आता निघावं म्हणून मी पर्स उचलली, तर हा म्हणतो, ‘‘थांब, आता अंधाऱ्या बाजूला उतर. तिथे खिडकीतून काहीच दिसत नाही.’’

पर्स पुन्हा टेबलावर.