ट्रायटनच्या जेटचा नंबर

थंडीतल्या सकाळी ट्रायटन मोटरसायकल सुरू करायची तर आधी बोटं पेट्रोलने ओली करून घ्यावी लागतात. कार्बोरेटरच्या अंगावर एक बारीक कळ असते, तिला टिकलर म्हणतात. ती दाबून धरली की आतला फ्लोट खाली जातो, वाटी काठोकाठ भरते आणि पेट्रोल बाहेर ओघळतं. मग किक. हातमोज्यांना येणारा तो वास दिवसभर जात नाही. इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं हे मोजणारा एकही सेन्सर या गाडीत नाही. सगळा हिशेब पितळेतली दोन-तीन भोकं (म्हणजे जेट), एक निमुळती सुई आणि वर-खाली होणारी एक स्लाइड मिळून करतात.

हा हिशेब प्रत्येक ट्रायटनसाठी नव्याने मांडावा लागतो, कारण ही गाडी मुळातच सांधलेली आहे. सांगाडा नॉर्टनचा, इंजिन ट्रायम्फचं; ‘ट्राय’ एकाचं, ‘टन’ दुसऱ्याचं. नॉर्टनची ‘फेदरबेड’ फ्रेम उत्तर आयर्लंडच्या रेक्स आणि क्रोमी मॅककँडलेस या भावांची, 1950 साली शर्यतीत उतरलेली. वळणावर तिच्यासारखी फ्रेम नव्हती. त्याच काळात 500 सीसीच्या छोट्या रेसिंग मोटारींना नॉर्टनचं इंजिन हवं असे, पण नुसतं इंजिन मिळत नसे. लोक अख्खी मोटरसायकल घेत, इंजिन काढत आणि उरलेला सांगाडा विकून टाकत. ट्रायम्फचं 650 सीसीचं जुळं इंजिन ताकदवान आणि सहज मिळणारं. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या एस कॅफेसमोर उभ्या राहणाऱ्या पोरांनी दोन्ही जोडलं. हा निव्वळ टवाळखोरांचा खेळ होता असं कुणी म्हणू नये. 1965 ची बार्सिलोनाची 24 तासांची शर्यत डेव्ह डेगन्स आणि रेक्स बुचर यांनी ट्रायटनवरच जिंकली.

आता कार्बोरेटर. ट्रायम्फच्या पुस्तकात जेटचा नंबर छापलेला असतो, पण तो त्यांचा एअर फिल्टर आणि त्यांचा सायलेन्सर गृहीत धरून. ट्रायटनवाल्याने फिल्टर काढून कर्ण्यासारखी उघडी तोंडं लावलेली असतात आणि मागे सायलेन्सरच्या जागी मेगाफोन. पुस्तकातला नंबर तिथेच बाद होतो. तुमच्या गाडीचा नंबर कुणी छापलेलाच नसतो.

तत्त्व शाळेतलंच आहे. नळी अरुंद झाली की हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. जिओव्हानी बातिस्ता व्हेंतुरी यांनी 1797 मध्ये पाण्यावर हे दाखवलं. दाब उतरला की खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर ओढलं जातं. मेख पुढे आहे. इंजिन हवा आणि पेट्रोल वजनात मोजतं: एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 भाग हवा लागते, आणि पुरेपूर ताकद हवी तर मिश्रण जरा रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं, 12.5 ते 13 च्या आसपास. कार्बोरेटरला वजन कळत नाही, त्याला फक्त ओढ कळते. समुद्रसपाटीवरून वर गेलं की हवा विरळ होते, ओढही कमी होते, पण ओढलं जाणारं पेट्रोल हवेइतकं कमी होत नाही. आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीचा रस्ता जवळजवळ समुद्रकाठापासून सुमारे 420 मीटर उंचीपर्यंत चढतो. तिथे हवा चारेक टक्के विरळ असते आणि मिश्रण सुमारे दोन टक्के रिच होतं. एकाच फेरीत जेट बदलता येत नाही, म्हणून मधला नंबर निवडून गप्प बसायचं.

त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांवर बहुतेक वेळा ॲमलचा कार्बोरेटर असे. 1927 मध्ये तीन कंपन्या एकत्र येऊन झालेली ही बर्मिंगहॅमची कंपनी. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तिचा ‘कॉन्सेंट्रिक’ आला आणि आजही बऱ्याच ट्रायटनवर तोच दिसतो. 930 असा आकडा कोरलेला असेल तर त्याची नळी 30 मिलिमीटरची.

याचं ट्यूनिंग म्हणजे मूठ किती पिळली आहे त्यानुसार गुन्हेगार शोधणं. मूठ जेमतेम उघडली असेल, अष्टमांशापर्यंत, तर पायलट जेट आणि त्याचा हवेचा स्क्रू. त्यापुढे पावपर्यंत स्लाइडच्या तळाचा तिरका काप. पाव ते पाऊण सुई आणि सुईचा जेट. पाऊणपासून पूर्णपर्यंत मेन जेट. मुठीवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा करायच्या आणि गाडी नेमकी कुठे अडखळते ते पाहायचं. सीमा काटेकोर नसतात, एकाची हद्द दुसऱ्यात घुसते. पण साध्या आयडलिंगसाठी मेन जेट बदलणारा माणूस दिसला तर त्याच्या हातून पाना काढून घ्यावा.

मेन जेटवरचा आकडा म्हणजे ठरावीक उंचीच्या दाबाखाली मिनिटाला त्यातून किती घनसेंटिमीटर पेट्रोल जातं तो. 190 नंतर 200. सुईवर तीन खाचा असतात. क्लिप खालच्या खाचेत गेली की सुई वर राहते आणि मिश्रण रिच होतं. पायलटचा स्क्रू हवेचा आहे, पेट्रोलचा नाही, म्हणून आत पिळला की रिच. यात नवखे हमखास फसतात. साधारण दीड फेरा बाहेर ठेवून सुरुवात करायची.

पण स्क्रूला हात लावण्याआधी स्पार्कचं टायमिंग, टॅपेट, वाटीतली पेट्रोलची पातळी आणि एअर लीक तपासा. बरेचसे ‘कार्बोरेटरचे’ आजार इग्निशनचे निघतात. लीकला कॉन्सेंट्रिकमध्ये दोन घरची कारणं आहेत. एक, बोल्ट हौसेने आवळले की कार्बोरेटरचा फ्लँज वाकतो आणि हेडला नीट बसत नाही. दुसरं, स्लाइड आणि बॉडी एकाच मऊ जस्तमिश्र धातूच्या. एकाच धातूचे दोन भाग घासले की दोन्ही झिजतात. फटीतून चोरटी हवा शिरते आणि आयडलिंग कधीच ठरत नाही. आता ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमच्या स्लाइड मिळतात. माझ्या मते त्या काळच्या कारखान्याने केलेली ही काटकसर अक्षम्य होती.

सुईच्या जेटचंही तसंच. .106 इंचाचं भोक इंचाच्या हजाराव्या भागाने मोठं झालं तरी अर्ध्या मुठीवर गाडी काळा धूर सोडू लागते. ही झीज केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी असते, डोळ्यांना दिसत नाही. पायलट तर बॉडीत खोल दडलेला असतो, चोंदला तर बाहेरून काही कळत नाही. तो साफ करायला जाणकार 0.4 मिलिमीटरचं ड्रिल बोटांनी हलकेच फिरवतात. मशिनला लावलं तर भोक मोठं होऊन बसतं.

ट्रायटनमध्ये खरी गंमत मधल्या आरपीएमवर येते. इंजिन हवा सलग ओढत नाही, धक्क्याधक्क्याने ओढतं. व्हॉल्व्ह बंद झाला की दाबाची लाट उलटी फिरते. काही आरपीएमवर तीच हवा जेटवरून बाहेर जाते आणि पुन्हा आत येते. दर खेपेला ती थोडं पेट्रोल उचलते. रोलरवर गाडी पळवताना कर्ण्याच्या तोंडाशी पेट्रोलचं धुकं तरंगताना दिसतं. तेवढ्याच आरपीएमवर मिश्रण भलतंच रिच. ती अडचण कुठल्याही जेटने जात नाही. कर्ण्याची लांबी किंवा एक्झॉस्ट बदलला तर फार तर दुसऱ्या आरपीएमवर सरकते. मेगाफोन लावणाऱ्यांनी ही किंमत मोजलेलीच असते.

दोन कार्बोरेटर असतील तर दोघांचं जमवणं ही स्वतंत्र कसरत. ट्रायम्फच्या जुळ्या इंजिनात दोन्ही पिस्टन एकत्र वर-खाली होतात, पण पेट घेतात पाळीपाळीने. एक बाजू आधी उघडली तर ती दुसरीला ओढत राहते. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. केबलचा ताण जुळवताना एक बोट एका तोंडात आणि एक दुसऱ्यात घालून पाहणारे आजही आहेत. अर्थात इंजिन बंद असताना.

शेवटची साक्ष प्लगची. पाऊण मुठीवर चढण चढायची, क्लच दाबून तिथल्या तिथे इंजिन बंद करायचं आणि प्लग काढायचा. काजळी म्हणजे रिच, पांढरा म्हणजे लीन, पेट्रोल कमी. जुन्या पुस्तकांतला बिस्किटी रंग मात्र शोधत बसू नका. तो शिसं घातलेल्या पेट्रोलचा होता.

इंधनही आता तेच राहिलेलं नाही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021 पासून साधं पेट्रोल ई10 झालं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला जळायला नऊ भाग हवा पुरते. मिसळलेल्या पेट्रोलचं गणित 14.7 वरून 14.1 वर येतं, म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण चारेक टक्के लीन. 190 च्या जागी 200 लावलं की ते साधारण भरून निघतं. याचा अर्थ कारखान्यातून निघालेल्या मूळ ट्रायम्फ बॉनेव्हिलचा छापील नंबरही आता चुकलेला आहे.

आपल्याकडे पंपावर ई20 मिळतं आणि त्यातलं काही इथेनॉल आपल्याच उसाचं असतं. इथे फरक सात-आठ टक्क्यांचा आहे. घरी कार्बोरेटरची जुनी बुलेट असेल, लांबच्या पल्ल्यावर ती तापत असेल आणि प्लग पांढरा निघत असेल, तर एक नंबर मोठा मेन जेट लावून पाहा. आणि पेट्रोलचा रबरी पाइप फुगला आहे का तेही एकदा दाबून बघा.