सशांच्या जोडीत भांडण लागते तेव्हा

भित्र्या माणसाला सशाचे काळीज आहे असे आपण म्हणतो. पानाच्या सळसळीने दचकणारा हा प्राणी कोणाच्या अंगावर धावून जात असेल, ही कल्पनाही आपल्या मनाला शिवत नाही. म्हणूनच घरी पाळलेल्या जोडीत प्रत्यक्ष भांडण जुंपते तेव्हा पाहणाऱ्याला आधी आश्चर्य वाटते, आणि त्या आश्चर्यात मोलाचे क्षण निघून जातात. माझे तसेच झाले.

दिल्लीतील आमच्या सरकारी वसाहतीच्या दोन खोल्यांत भुऱ्या नावाचा नर व कापशी नावाची मादी अशी जोडी चार वर्षे सुखाने नांदत होती. दोघांचेही निर्बीजीकरण पूर्वीच झालेले. एकाच ताटलीत खावे, एकमेकांचे कपाळ चाटावे, दुपारी अंगाला अंग लावून पडावे, असा त्यांचा क्रम होता. गेल्या वर्षी फेब्रुवारीत कापशीची दाढ वाढून टोकदार झाली. सशाचे दात जन्मभर वाढत असतात. गवत चावून ते सारखे झिजले नाहीत तर जिभेला व गालाला टोचू लागतात. मी तिला पशुवैद्याकडे नेले, दिवसभर ती तेथेच राहिली आणि संध्याकाळी मी तिला घरी आणून व्हरांड्यात सोडले. भुऱ्या जवळ आला, त्याने तिला हुंगले, त्याची शेपटी वर झाली, कान मागे गेले. दोघे एकमेकांभोवती गोल फिरू लागले. मला वाटले, आनंदाने फिरत आहेत! दुसऱ्याच क्षणी लोकरीचा एक गोळा फरशीवर गरगरू लागला. मी उघडा हात मध्ये घातला आणि माझ्या अंगठ्यात दात रुतले. नऊ वर्षांची मुलगी दारात उभी राहून रडत होती.

वाचकहो, ती गोल फेरी आनंदाची नव्हती हे मला ठाऊक असायला हवे होते. शेपटी ताठ, कान पाठीला चिकटलेले, घशातून घुरघुर आणि परस्परांच्या मागील अंगाचा रोख धरून फिरणे, ही लढाईची पूर्वसूचना होय. ती दिसताच दोघांच्या मध्ये पुठ्ठा, सूप किंवा केरसुणी घालावी. लढाई जुंपलीच तर वर जाड पंचा किंवा गोधडी टाकून दोघांना अलग करावे. हात घालणे भागच असेल तर जाड हातमोजे घालावेत. उचलताना मागील पायांना आधार द्यावा. सशाने जोराने लाथ झाडली तर त्याच्याच पाठीचा कणा मोडू शकतो.

त्या रात्री सासूबाई म्हणाल्या, “अगं, एक देऊन टाक कोणाला तरी. मुकी जनावरं, एकमेकांचा जीव घेतील.” शेजारच्या बाईंना भुऱ्या केव्हापासून हवाच होता. मुलगी काही बोलली नाही, पण त्या दिवशी ती जेवलीही नाही. यजमानांनी निर्णय माझ्यावर सोपवला. मी एक महिन्याची मुदत मागून घेतली, आणि त्या महिन्यात जे वाचले, विचारले व करून पाहिले ते येथे सांगत आहे.

भाषांतराचा व्यवसाय करणारीला या प्राण्याने पूर्वीच एकदा अडवले होते. इंग्रजीत रॅबिट आणि हेअर असे दोन शब्द. मराठीत दोघांनाही आपण ससाच म्हणतो. परंतु आपल्या माळरानावरचा ससा हा हेअर. तो बीळ खणीत नाही, बहुधा एकटा राहतो, आणि त्याची पिले डोळे उघडे व अंगावर केस घेऊनच जन्मतात. पाळीव ससा हा स्पेन-पोर्तुगालकडील रानटी रॅबिटचा वंशज. तो बिळांच्या वसाहतीत कळपाने राहतो, त्याची पिले आंधळी व उघडी असतात, आणि या दोन जातींचा संकर होत नाही. घरातल्या सशाचा स्वभाव समजून घ्यावयाचा तर तो कळपातला प्राणी आहे हे आधी ध्यानात घ्यावयास हवे. कळप म्हटला की सोबत आली, तसाच मानपानही आला. नरांची एक उतरंड असते, माद्यांची दुसरी. रोमन मायकिटोविच या शास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियात या वसाहतींचा पुष्कळ अभ्यास केला. सशाच्या हनुवटीखाली गंधग्रंथी असतात. ती हनुवटी वस्तूंवर घासून तो आपली हद्द आखतो, आणि कळपातला वरचढ नर हे काम सर्वांत अधिक करतो, असे त्याने दाखवून दिले.

येथे माझ्या कोड्याचा उलगडा झाला. सशाला अगदी नाकासमोरचे दिसत नाही. जवळचा सोबती तो मुख्यतः वासाने ओळखतो. दिवसभर दवाखान्यात राहून आलेल्या कापशीला औषधांचा, परक्या हातांचा, कुत्र्यामांजरांचा वास येत होता. भुऱ्याच्या लेखी ती घरात घुसलेली कोणी परकीच होती. तिच्या तोंडाला ठणका होता, त्यामुळे तीही नेहमीसारखी वागली नसेल. एकाला दवाखान्यात न्यावयाचे तर दुसऱ्यालाही बरोबर न्यावे, ही साधी गोष्ट मला कोणी सांगितली असती तर पुढचे सारे टळले असते.

भांडणाचे कारण नेहमी इतके उघड असतेच असे नाही. निर्बीजीकरण न केलेली पिले तीन ते सहा महिन्यांची होऊन वयात आली की कालची भावंडे आज वैरी होतात. नर-मादी असतील तर भांडणाऐवजी पिलेच होतात. गर्भकाळ अवघा एकतीस दिवसांचा, आणि व्याल्याबरोबर मादी पुन्हा गाभण राहू शकते. शस्त्रक्रियेनंतरही नराची जननक्षमता चार ते सहा आठवडे टिकू शकते, तोवर जोडी एकत्र ठेवू नये. (कुत्र्याला ठेवतात तसे शस्त्रक्रियेपूर्वी सशाला उपाशी ठेवू नये, त्याला ओकारी होतच नाही.) मादीला खोटी गर्भधारणाही होते. ती तोंडात गवत गोळा करते, छातीची लोकर उपटते आणि दोन-अडीच आठवडे कोणाला जवळ येऊ देत नाही. वर्षानुवर्षे शांत असलेली जोडी अचानक भांडू लागली, तर माझ्या मते सर्वांत आधी दुखण्याचा संशय घ्यावा: दात, कान, मूत्रमार्ग. ससा आपले दुखणे लपवतो.

आता जखमांविषयी. वरून काही दिसत नाही म्हणून निश्चिंत राहू नये. दाट लोकरीखाली कातडी कागदासारखी पातळ असते. पाठ, पोट, कान, पापण्या आणि नराचे वृषण असलेला भाग लोकर बोटांनी दुभंगून पाहावा. सशाचा पू पाण्यासारखा वाहत नाही, चक्क्यासारखा घट्ट असतो. त्यामुळे दातांची बारीक भोके वरून मिटतात व आत गळू धरते. उन्हाळ्या-पावसाळ्यात उघड्या जखमेवर माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडतात. घरातले औषध मात्र देऊ नये. पेनिसिलीन किंवा अमॉक्सिसिलिन पोटात गेले तर सशाच्या आतड्यातील उपयुक्त जंतू मरून त्याचा जीव जाऊ शकतो. भांडणानंतर बारा तास ससा काही खात नसेल तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा.

पुन्हा मने जुळवण्याचे काम मात्र दवाखान्यात होत नाही, आणि ते घाईनेही होत नाही. आम्ही खोलीत दोन जाळीचे वाडे शेजारी शेजारी केले व मध्ये चार बोटे अंतर ठेवले, कारण जाळीतूनही नाकाला चावा बसतो. रोज त्याचे अंथरूण तिच्याकडे आणि तिचे त्याच्याकडे. दोन-तीन दिवसांनी वाड्यांचीही अदलाबदल. पालक-कोथिंबिरीची ताटली जाळीच्या दोन्ही बाजूंना जवळ जवळ ठेवायची. प्रथम दोघे जाळीकडे पाठ करून खात. दहाव्या दिवशी जाळीला लागून झोपलेले दिसले.

त्यानंतर भेट; पण ती व्हरांड्यात नाही, कारण व्हरांडा भुऱ्याच्या हद्दीतला. आम्ही न्हाणीघर निवडले, पाय घसरू नयेत म्हणून खाली सतरंजी घातली, गवताचे दोन ढीग ठेवले आणि मी हातमोजे घालून मध्ये बसले. पहिली भेट दहा मिनिटांची. एकाने दुसऱ्यावर चढणे ही मानपानाची भाषा आहे, ते काही क्षण चालू द्यावे; मात्र तोंडाच्या बाजूने चढला तर लगेच खाली उतरवावा, कारण खालचा नाजूक जागी चावतो. भेट बिघडण्यापूर्वीच आटोपती घ्यावी. दोघांना एका टोपलीत कोंबून मोटारीतून फिरवावे, म्हणजे भीतीने एकमेकांना चिकटतात, असा उपाय काही जण सुचवतात. मला तो पटत नाही. घाबरून चिकटणे म्हणजे सलोखा नव्हे, आणि भीतीनेच सशाचे पोट बिघडते.

महिना संपला तेव्हा काम अर्धेच झाले होते. भुऱ्या अजून मधूनच धावून जाई. शेजारच्या बाई विचारून गेल्या. मी आणखी मुदत मागितली नाही, घेऊन टाकली. सहाव्या आठवड्यात एके दुपारी कापशीने भुऱ्यापुढे मान खाली घातली आणि तशीच बसून राहिली. तो बराच वेळ गवत चघळत होता. मग त्याने तिचे कपाळ चाटावयास सुरुवात केली. मुलीने मला स्वयंपाकघरातून खुणेने बोलावले. आम्ही दोघी उंबऱ्यातच थांबलो.

रात्रीचे वाडे मी पुढे आणखी पंधरा दिवस वेगळेच ठेवले. भुऱ्याच्या उजव्या कानाला खाच राहिली आहे. आता नखे कापावयाची असली तरी दोघांना एकाच टोपलीतून नेते, आणि दवाखान्यातला शिपाई झाकण उचलून दर वेळी विचारतो, “यातला आजारी कोणता?”