छापील शब्दाची पत

“छापून आलें आहे,” एवढें म्हटलें कीं पूर्वीं घरांतला वाद मिटत असे. ओसरीवर एकानें मोठ्यानें वाचावें, वडीलधाऱ्यांनीं मधून मधून हुंकार द्यावा, माजघरांतून बायकांनीं कान द्यावा. असें एकच पत्र साऱ्या घराला पुरे. आतां ज्याच्या त्याच्या हातीं यंत्र आहे, बातम्यांचा पूर आहे, आणि “हें खरें कशावरून?” हा वाद पानावर बसतांना रोज निघतो. ही पत गेली कशी, याचा विचार करूं लागलों म्हणजे आम्हांस १८८२ सालचा कोल्हापूर प्रकरणाचा खटला आठवतो.

बाळशास्त्री जांभेकरांनीं ‘दर्पण’ काढल्यास तेव्हां पन्नास वर्षें झालीं होतीं. ‘केसरी’ मात्र १८८१ सालीं निघालेलें, अगदीं कोवळें. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा कारभारी माधवराव बर्वे यांच्याकडून छळ होतो, असा बोभाटा होता. बर्व्यांचीं म्हणून हातीं आलेल्या कांहीं पत्रांच्या आधारें ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनीं त्यांच्यावर कडक टीका केली. बर्व्यांनीं अब्रूनुकसानीची फिर्याद लाविली आणि तीं पत्रें बनावट ठरलीं. टिळक व आगरकर यांनीं माफी मागितली. तरी चार महिन्यांची शिक्षा झाली, व डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. जामिनाच्या वेळीं जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेट उरवणे पुढें आले, ही गोष्ट आपल्या घरांतून फारशी सांगितली जात नाहीं, म्हणून येथें मुद्दाम नमूद करितों.

चूक पत्रकर्त्यांचीच होती. तथापि २६ ऑक्टोबर रोजीं ते सुटले तेव्हां लोकांनीं त्यांचें स्वागत केलें. लोकांची सहानुभूति महाराजांकडे होती, हें एक कारण खरेंच. पण लिहिणारा कोण हें सर्वांस ठाऊक होतें, आणि चुकला तर त्याला कोठें गांठावयाचें हेंही ठाऊक होतें.

पुढें छापील पत्रांनींच ही पुंजी उधळली. २००९ च्या विधानसभा निवडणुकींत पैसे घेऊन बातम्या छापल्याची ओरड झाली. निरनिराळ्या पत्रांत एकच मजकूर शब्दशः आढळला. प्रेस कौन्सिलला त्यासाठीं उपसमिति नेमावी लागली. वाचक उठून गेला तो हातांतल्या यंत्राकडे.

तेथें काय मिळालें? १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, भिक्षेसाठीं फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच जणांना जमावानें ठेंचून मारलें. मुलें पळविणारी टोळी आल्याचे निरोप त्या दिवसांत मोबाइलवरून सर्वत्र फिरत होते. मारणारे पकडले गेले. पण तसल्या निरोपाखालीं लिहिणाराचें नांव नसतें. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतापुरती, एका वेळीं पांचांपेक्षां अधिक ठिकाणीं निरोप पुढें न धाडण्याची मर्यादा घातली.

मर्यादा ठीक, पण निरोप येतो तो परक्याकडून नव्हे. काकांनीं धाडला म्हणून पुतण्या खरा मानतो, मामींनीं धाडला म्हणून भाची. “हें लिहिलें कोणीं?” असें वडील माणसास विचारणें उद्धटपणाचें वाटतें, म्हणून धाकटीं मंडळी गप्प बसतात. आमच्याकडे परवां एका नातवानें विचारलें. आजोबा प्रथम रागावले; मग चष्मा लावून निरोप पुन्हां पहिल्यापासून वाचूं लागले.