ओतशाळेतली हवा कशी मोजतात

मुंबईचे परळ-लालबाग म्हटले की गिरण्याच आठवतात. पण याच भागात १८७९ पासून परळचा रेल्वे कारखाना आहे आणि आसपास इंजिनिअरिंगची कितीतरी दुकाने होती. गिरणी कामगारांच्या छातीत बसणाऱ्या कापसाच्या धुळीवर केईएम रुग्णालयात अभ्यास झाले, लोकांतही तिच्याविषयी बोलले गेले. लोखंडात राबणाऱ्यांच्या श्वासाविषयी मात्र फार कमी बोलले गेले. आज ओतकाम मुख्यतः कोल्हापूरकडे, शिरोली नि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत चालते. तिथे काम करणारे कित्येक जण इथल्याच चाळकऱ्यांचे भाऊबंद असतात, म्हणून हा विषय आपला आहे.

पोलाद ओततात ते साधारण १६०० अंश सेल्सिअसला. एवढ्या उष्णतेत धातूचा थोडा अंश वाफ होऊन वर उठतो. बाहेरची थंड हवा लागताच ती वाफ ऑक्सिजनशी संयोग पावते आणि तिचे घन कण बनतात, एका मायक्रॉनपेक्षाही लहान. लेडल, म्हणजे ओतायचे भांडे, कलते तेव्हा दिसणारा तपकिरी धूर तो हाच. गंमत नव्हे, धोका असा की धुरातले धातूंचे प्रमाण पोलादातल्यासारखे राहत नाही. लोखंड सुमारे २८६० अंशांना उकळते, मँगनीज २०६० च्या आसपासच. त्यामुळे पोलादात एखादाच टक्का मँगनीज असले तरी धुरात ते त्याहून बरेच जास्त भरते. रेल्वेची क्रॉसिंग ज्या पोलादाची ओततात त्यात तर मँगनीज ११ ते १४ टक्के असते. वर्षानुवर्षे ते श्वासातून गेले तर इजा मेंदूला होते: चाल मंदावते, हात थरथरतात, लक्षणे कंपवातासारखी दिसतात.

भंगारात गॅल्व्हनाइज्ड पत्रा आला की जस्ताचा पांढरा धूर निघतो. त्या दिवशी भट्टीवाल्याला संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येते, तोंडाला धातूची चव राहते. दुसऱ्या दिवशी ताप उतरलेला असतो. पावसाळ्यात असा माणूस दवाखान्यात गेला तर मलेरियाची तपासणी होते आणि धुराचा विषयच निघत नाही. हा ताप सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला जास्त येतो, कारण शरीर रोजच्या धुराला तात्पुरते सरावते आणि एका सुटीत तो सराव सुटतो. कापूस खात्यातल्या जुन्या माणसांची छातीही सुटीनंतरच्या पहिल्या दिवशीच आवळून यायची. दोन दुखणी वेगळी, पण वार एकच.

ओतीव थंड झाल्यावर ते साच्यातून झोडून काढतात, मग ग्राइंडरवर साफ करतात. या फेटलिंगच्या कामात धातूच्या चुऱ्याबरोबर साच्याची भाजलेली वाळूही उडते. ठिणग्या आणि जाड भुकटी डोळ्यांना दिसते. ती नाकात अडकते किंवा खाली बसते. चार मायक्रॉनच्या आतले कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि तेच फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात. नुसता लोहकण तिथे साचला तर एक्स-रेवर ठिपके दिसतात, पण दम फारसा लागत नाही. वाळूतला स्फटिकी सिलिका मात्र फुप्फुसात कायमचे व्रण करतो आणि क्षयाला वाट मोकळी करून देतो. दोन्हींचे ठिपके फिल्मवर सारखेच वाटू शकतात. म्हणून ‘काम काय करता? कुठल्या खात्यात?’ हे डॉक्टरांनी विचारायलाच हवे. इटलीतल्या रामाझिनी या वैद्याने कामगारांच्या आजारांवरचा ग्रंथ १७०० साली लिहिला, तेव्हाच हा प्रश्न रोग्याला विचारा असे सांगून ठेवले होते.

आता मोजणी. शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे. कारखान्यातली हवा तपासण्याचे शास्त्र तिथे चालते. कामगाराच्या कमरेला छोटा पंप बांधतात आणि त्याची नळी कॉलरपाशी आणून तिथे गाळणी लावतात. जाड कण आधीच वेगळे पडावेत म्हणून गाळणीच्या तोंडाशी सायक्लोन असतो. समजा, पंप मिनिटाला दोन लिटर हवा ओढतो. आठ तासांच्या पाळीत ९६० लिटर, म्हणजे जवळजवळ एक घनमीटर हवा गाळली जाते. गाळणीचे वजन दोन मिलिग्रॅमने वाढले, तर त्या माणसाच्या नाकाशी घनमीटरला सुमारे दोन मिलिग्रॅम धूळ होती.

हा आकडा जास्त की कमी? १९८७ च्या दुरुस्तीने कारखाना अधिनियमात मर्यादांचा तक्ता आला. त्यात लोखंडाच्या धुराला घनमीटरला पाच मिलिग्रॅम ही मर्यादा होती, मँगनीजच्या धुराला एक. सिलिकासाठी सूत्र होते: धुळीतल्या क्वार्ट्‌झच्या टक्क्यात दोन मिळवायचे आणि त्या बेरजेने दहाला भागायचे. क्वार्ट्‌झ १८ टक्के निघाले तर मर्यादा अर्धा मिलिग्रॅम. म्हणजे लोखंडाच्या हिशेबात बिनघोर वाटणारी आपली दोन मिलिग्रॅम धूळ सिलिकाच्या हिशेबात चौपट ठरते. भिंतीला यंत्र टांगून हे कळत नाही. फेटलिंगवाला वाकून काम करतो, धूळ त्याच्या तोंडासमोर उठते, आणि दहा फुटांवर हवा स्वच्छ भासते.

तोंडाला बांधलेला रुमाल या बारीक कणांपुढे कुचकामी आहे. मोठा पंखा लावला तर धूळ शेजारच्याच्या अंगावर जाते. धूळ उठते तिथेच तोंड असलेला शोषणमार्ग हवा, ग्राइंडरला हूड हवे, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा; आणि हाच क्रम हवा, मास्क शेवटी. सुटताना कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकायची सवय तर ताबडतोब बंद व्हावी. बसलेली धूळ पुन्हा नाकाशी उडते, उरलेली कपड्यांतून दहा बाय बाराच्या खोलीत जाते आणि ते कपडे झटकून धुणाऱ्या बाईच्या श्वासात शिरते.

सिलिकाचा आजार काम सोडल्यावरही वाढत राहतो. निवृत्तीनंतर दहा वर्षांनी दम लागू लागला तरी त्याचे मूळ जुन्या खात्यात असू शकते. म्हणून एक्स-रेच्या जुन्या फिल्म, कामगार विम्याचे कार्ड आणि कुठल्या खात्यात किती वर्षे काढली याची नोंद एका पिशवीत जपून ठेवावी, आणि डॉक्टरांकडे जाताना ती पिशवी बरोबर न्यावी.